न छापलेली एकेचाळीस पत्रे

दिनांक : ९ फेब्रुवारी १९९८

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय अधिकारी,
भोगावती–कुंडलिका आरोग्य न्यास,
मुख्य कार्यालय, रामवाडी, पेण.

अर्जदार : काळुराम हिराजी घरत, संगणक विभाग. राहणार मु. कासू, ता. पेण, जि. रायगड.

विषय : ‘पूर्णनाव’ ही सोय ‘चाळण’ भाषेच्या सी-जोडणीत कायम न करणे, माझा दि. १० मार्च १९९७ चा जबाब अपुरा व दिशाभूल करणारा समजणे आणि श्रीमती दर्शना काशिनाथ म्हात्रे यांस सेवेत परत घेणेबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज दि. १२ ऑगस्ट १९९६ व त्यावरील आपली मंजुरी.
२) दि. १० मार्च १९९७ रोजीची चौकशी.
३) आपले पत्र दि. १९ जानेवारी १९९८.

महोदय,

१. संदर्भ क्र. ३ च्या पत्राने आपण कळविले आहे की, मी लिहिलेली ‘पूर्णनाव’ ही सोय फार उपयोगी ठरल्याने ती चाळण भाषेचा कायमचा भाग करावी, आणि ज्या तीन संस्थांना आपण ही भाषा विनामूल्य देणार आहोत त्यांच्या प्रतींतही ती घालून द्यावी. पत्राच्या शेवटी आपण माझे कौतुक केले आहे. ते पत्र मी तीनदा वाचले आणि घरी कोणाला दाखविले नाही. सदर सोय कोणालाही देऊ नये अशी माझी विनंती आहे. तिचे कारण मला अकरा महिन्यांपूर्वीच सांगायला हवे होते, ते आज सांगत आहे.

२. हा अर्ज विश्वस्त मंडळापुढे जाईल असे धरून थोडी पार्श्वभूमी देतो. छातीच्या तपासणीच्या मोहिमेत खाडीकाठची गावे, मिठागरे आणि आदिवासी वाड्यांतून जे फॉर्म भरून येतात, त्यांतून कोणाला क्ष-किरण तपासणीस बोलवायचे हे ठरविण्यासाठी श्रीमती मृणाली देवस्थळी यांनी आपल्याकडे असताना एक छोटी संगणकभाषा तयार केली. ‘खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त, वजन घटलेले’ असे डॉक्टरांनी लिहिले की ती तेवढ्या नोंदी वेगळ्या काढते, म्हणून तिचे नाव चाळण. बोलावण्याची पत्रे देवनागरीत छापण्याचे काम मात्र चाळण करीत नाही. त्यासाठी सी भाषेत लिहिलेला वेगळा प्रोग्रॅम आहे, आणि चाळणीतली माहिती त्या प्रोग्रॅमपर्यंत पोचविणारी जी व्यवस्था, तिला आम्ही सी-जोडणी म्हणतो.

देवस्थळी बाईंनी ही जोडणी फार सावधपणे केली होती. एखादी चौकट वाचायची तर आधी नोंद मागायची, मग ती चौकट भरलेली आहे का ते विचारायचे, मग मजकूर घ्यायचा आणि शेवटी जागा मोकळी करायची. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव अशा तीन चौकटी. म्हणजे एका माणसाचे नाव मिळवायला बारा ओळी. मला ते कंटाळवाणे वाटे. त्यातच १९९६ च्या पावसाळ्यात एक पत्र ‘श्रीमती’ आणि आडनाव, मधे काहीच नाही, असे छापून गेले आणि एका विश्वस्तांनी ते आपल्यासमोर टेबलावर ठेवले. त्यानंतर आठवड्याने मी संदर्भ क्र. १ चा अर्ज केला. बारा ओळींच्या जागी एकच ओळ. नोंदीचा क्रमांक द्या, पूर्ण नाव मिळेल. तिन्हींपैकी एखादी चौकट रिकामी असेल तर अर्धवट नाव जाऊ नये म्हणून सोय काहीच देणार नाही, आणि तक्रारही करणार नाही. या शेवटच्या तीन शब्दांचा मला तेव्हा अभिमान होता. अर्जात मी ते अधोरेखित केले होते. आपण त्यावर ‘उत्तम, त्वरित करावे’ असा शेरा मारलात.

देवस्थळी बाईंच्या माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर लिहिले आहे की, चौकट रिकामी असणे म्हणजे माणूस नसणे नव्हे. ते पान मी वाचलेले होते.

३. आता घडले ते. रोहा येथील जानेवारी १९९७ च्या शिबिरासाठी चाळणीने २३६ माणसे निवडली. पत्रे छापणारा प्रोग्रॅम माझाच. यादीच्या शेवटी कधी कधी कोऱ्या नोंदी येतात, म्हणून नाव मिळाले नाही तर ती नोंद सोडून पुढे जायचे असे मी त्याला सांगून ठेवले होते. रोह्याजवळच्या भोकराच्या वाडीतल्या एकेचाळीस कातकरी स्त्री-पुरुषांच्या फॉर्मवर आडनावाची चौकट रिकामी होती. ‘पूर्णनाव’ने त्यांच्यासाठी काही दिले नाही. छापणारा प्रोग्रॅम त्यांना सोडून पुढे गेला. पत्रे छापली गेली १९५. सोबत द्यायची पोचपावती मात्र चाळण स्वतः छापते आणि ती निवडलेल्या नोंदी मोजते, म्हणून पोचपावतीवर आले २३६.

दि. ६ जानेवारीला मी तो गठ्ठा आरोग्य सेविका श्रीमती दर्शना म्हात्रे यांच्या हाती दिला. त्यांनी मोजून घेऊ का असे विचारले. मी म्हणालो, “संगणकाने मोजलीत, ताई. तुम्ही फक्त सही करा.” त्यांनी सही केली.

तीन दिवसांनी त्या परत आल्या आणि भोकराच्या वाडीचे एकही पत्र गठ्ठ्यात नसल्याचे त्यांनी मला सांगितले. मी पोचपावतीकडे बोट दाखविले आणि दुसऱ्या गावाच्या पत्रांत मिसळली असतील, पुन्हा बघा म्हणालो. माझ्या प्रोग्रॅमकडे मी पाहिलेसुद्धा नाही. त्या दोन दिवस घरोघरी विचारत फिरल्या. शेवटी वाडीवर जाऊन त्यांनी तोंडी निरोप दिला. त्या निरोपावर वाडीतली अकरा माणसे रोह्याला शिबिरात आली. पत्राशिवाय तपासणी नाही असा आपला नियम होता, म्हणून दारावरून ती परत पाठविली गेली. त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

४. एवढे होईपर्यंत माझ्याकडून झाली ती चूक होती. ती पदरात घ्यायला मी तयार आहे. पुढचे चूक या शब्दात बसत नाही, म्हणून ते वेगळ्या परिच्छेदात लिहीत आहे.

दि. ७ मार्च १९९७, शुक्रवारी, पुढच्या शिबिराच्या यादीत चंद्रावती नावाच्या एका बाईंचे पत्र छापले जाईना. त्यांच्या फॉर्मवर आडनाव नव्हते. प्रोग्रॅम ती नोंद कुठे सोडतो ते पाहिले आणि दहा मिनिटांत सर्व लक्षात आले. मी रोह्याची जुनी यादी काढून त्याच प्रोग्रॅममधून पुन्हा चालवली. एकेचाळीस क्रमांक गळले. त्यातला एकशे अठ्ठ्याऐंशी क्रमांक पोपट नावाच्या तीस वर्षांच्या माणसाचा होता. खोकला चार महिने, वजन घटलेले. डॉक्टरांनी लिहिलेल्या कसोटीत तो सगळ्यात वर होता.

त्या दिवशी मी एवढेच केले की चंद्रावतीबाईंच्या आडनावाच्या चौकटीत एक टिंब टाकले. चौकट भरलेली दिसली आणि पत्र छापले गेले. त्यानंतर प्रत्येक यादीत रिकाम्या चौकटी शोधून मी टिंबे टाकत आलो आहे. ‘पूर्णनाव’ आजही जशीच्या तशी आहे. ती उपयोगी ठरली असे आपल्याला वाटले ते माझ्या टिंबांमुळे. ज्या तीन संस्थांना ती जाईल त्यांना टिंबाचे ठाऊक नसेल.

दुसऱ्या दिवशी मी पेणच्या स्टँडजवळच्या बूथवरून पुण्याला देवस्थळी बाईंना फोन केला. दोष त्यांच्या भाषेत निघाला तर बरे, अशी माझी इच्छा होती, हे लिहिताना मान खाली जाते. मी सर्व आडवळणाने विचारले. त्या म्हणाल्या की सोय काय देते ते पाहू नकोस, काय गिळते ते पाहा. मग त्यांनी विचारले, “कुणाचं नुकसान झालंय का, काळुराम?” मी नाही म्हणालो.

५. वाडीच्या पत्रांचे काय झाले याची चौकशी दि. १० मार्चला झाली. तीत म्हात्रे यांनी पत्रे मुळात मिळालीच नाहीत असे सांगितले. पोचपावतीवर त्यांची सही होती. पत्रे हरवून ते झाकण्यासाठी त्यांनी लोकांना पत्राशिवाय पाठविले, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. आपण मला बोलावून पत्रे छापली गेली होती का असे विचारलेत. मी उत्तर दिले की संगणकात २३६ अशी नोंद आहे. हे वाक्य खरे होते. खरे होते म्हणूनच मी ते निवडले. म्हात्रे समोरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. दि. १४ रोजी त्यांना कार्यमुक्त करण्यात आले.

एप्रिलच्या अहवालात ‘भोकराची वाडी येथील लाभार्थी बोलावूनही आले नाहीत’ असे वाक्य आहे. त्या वाक्याच्या आधारे दुसऱ्या फेरीतून वाडी वगळली गेली. तो अहवाल टाइप करून देण्याचे काम माझ्याकडे होते. ते वाक्य मी टाइप केले.

माझी आई सीताबाई वीस वर्षे मिठागरात होती. तिला तपासणीचे पत्र वेळेवर आले होते, तीनही चौकटी भरलेल्या, सुबक. मिठागरात तिच्या सोबतीला त्या वाडीच्या बाया असत. अहवालाची बातमी कानावर आल्यावर ती मला म्हणाली, “माजा कागद आला. त्या वाडीवाल्यांचा कसा नाय आला?” मी तिला सांगितले की ते लोक येतच नाहीत. तिने मान हलविली. माझ्या शब्दावर तिने तिच्या सोबतिणींविषयी तसे मानून घेतले असावे. त्या दिवसापासून आईसमोर जेवायला बसणे मला जड जाते.

६. आपले कौतुकाचे पत्र मिळाल्यावर, दि. २५ जानेवारी रोजी रविवारी, मी कासूहून गाडीने रोह्याला गेलो आणि तेथून चालत भोकराच्या वाडीवर. नोंदीतली माणसे कुठे आहेत एवढे तरी पाहावे असा विचार होता. काय बोलायचे ते ठरले नव्हते.

वाडीच्या सुरुवातीलाच एका अंगणात श्रीमती म्हात्रे बसलेल्या दिसल्या. त्यांच्यासमोर येसू नावाची बाई होती आणि म्हात्रे तिच्या गोळ्यांचे पाकीट उलटे-सुलटे करून राहिलेल्या गोळ्या पाहत होत्या. येसूचा नवरा वाळू दारात होता. मला पाहून म्हात्रे उठल्या नाहीत. मला पाणी देण्यात आले. मग मी उभ्यानेच सर्व सांगितले. सोयीचे, टिंबाचे, चौकशीतल्या वाक्याचे. संगणकातले कोणाला किती समजले मला ठाऊक नाही, पण आडनाव नव्हते म्हणून कागद निघाला नाही एवढे वाळूला समजले. तो म्हणाला, “आडनाव हाय की. वाघमारे. आमाला कुनी इचारलंच नाय.”

मी तोपर्यंत त्यांना आडनावे नाहीत असेच धरून चाललो होतो.

मग वाळूने सांगितले की पोपट त्याचा धाकटा भाऊ. शिबिराला आलेल्या अकरांत तो होता. दारावरून परत आला, पावसाळाभर खोकत राहिला आणि भाद्रपदात वारला. त्याची तपासणी झालीच नाही, म्हणून त्याला कोणता आजार होता हे आता आपण, मी किंवा कोणीही सांगू शकत नाही. तपासणी झाली असती तर तो वाचला असता असे मला म्हणता येत नाही. वाचला नसता असेही म्हणता येत नाही. वाळूने मला दोष दिला नाही. तो रागावेल अशी मी मनाची तयारी करून गेलो होतो, पण त्याने फक्त भावाचे वय किती होते ते सांगितले आणि आत गेला.

मग श्रीमती म्हात्रे म्हणाल्या, “पत्रं नव्हती हे मला तेव्हाच माहीत होतं. ते तुम्हालाही माहीत होतं, हे आज कळलं.”

७. आपल्या माहितीसाठी पुढील गोष्टी नमूद करतो. त्या मला म्हात्रे यांनी नव्हे, येसूने सांगितल्या. कार्यमुक्त झाल्यापासून म्हात्रे रोह्यात एका कापड दुकानात काम करतात. आठवड्याच्या सुटीच्या दिवशी त्या वाडीवर येतात आणि दोन-तीन माणसांना सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला नेतात. एकेचाळीसपैकी चौतीस जणांची तपासणी त्यांनी अशी करून घेतली आहे. चौघांना क्षय निघाला. चौघेही औषध घेत आहेत. येसूचा औषधाचा चौथा महिना चालू आहे, तिचा ताप गेला आहे आणि ती पुन्हा नदीवर मासे धरायला जाऊ लागली आहे. सहा जण वीटभट्टीवर गेले आहेत, ते पावसाआधी परततील. राहिला तो पोपट.

हे सर्व त्यांनी एका शाळेच्या वहीत लिहून ठेवले आहे. मी ती वही पाहिली. त्यात प्रत्येकाचे आडनाव आहे.

८. घरी येऊन मी प्रथम राजीनामा लिहिला. आईला सर्व सांगितले, कारण तिला खोटे सांगितलेले सर्वांत आधी दुरुस्त करणे भाग होते. तिने विचारले की मी नोकरी सोडल्यावर त्या पोरीची नोकरी परत कोण मागणार. राजीनामा मी फाडला. मला कामावरून काढण्याचा अधिकार आपला आहे आणि तो आपण वापरल्यास माझी हरकत नाही. मी स्वतःहून निघून गेलो तर मात्र कार्यालयात सर्व जण मला सभ्य माणूस म्हणतील, आणि ते मला सोसणार नाही.

काल, रविवारी, या अर्जाचा खर्डा मी रोह्याला जाऊन श्रीमती म्हात्रे यांना वाचावयास दिला. त्यांच्याविषयी त्यांना न दाखविता आणखी काही लिहू नये असे वाटले. त्यांनी पेन मागून ‘अन्याय झालेल्या बिचाऱ्या भगिनी’ हे शब्द खोडले. मग त्यांनी विचारले, “नोकरी परत मागताय ती माझ्यासाठी, की तुमचं मन हलकं व्हावं म्हणून?” मी खरे उत्तर दिले, की दोन्हींसाठी. त्या म्हणाल्या, “मागा. पण मला रामवाडीच्या ऑफिसात बसवू नका. वाडीचंच काम द्या, आणि एक्स-रेचं मशीन वाडीवर आणा. परत त्यांना कुणाच्या दारात उभं करायला मी नेणार नाही.”

९. सबब, आपणास नम्र विनंती की :

(अ) माझा दि. १० मार्च १९९७ चा जबाब मी मागे घेत आहे. तो शब्दांनी खरा व हेतूने खोटा होता अशी नोंद चौकशीच्या कागदांत व्हावी.

(ब) श्रीमती दर्शना काशिनाथ म्हात्रे यांना त्यांनी वर सांगितलेल्या अटींवर सेवेत परत घ्यावे, आणि ज्या सूचनाफलकावर त्यांना कार्यमुक्त केल्याचा आदेश लावला होता त्याच फलकावर या अर्जाची प्रत लावावी. मी ती स्वतः लावायला तयार आहे.

(क) एप्रिलच्या अहवालातील ‘बोलावूनही आले नाहीत’ हे वाक्य रद्द करून ‘बोलावले गेले नाही, अकरा जण न बोलावता आले व परत पाठविण्यात आले’ असे करावे. वाडीवरील लोकांना हे कोणीतरी तोंडी जाऊन सांगावे. ते आपण स्वतः सांगितलेत तर अधिक बरे, पण तसे सुचविण्याची माझी पात्रता नाही.

(ड) तिन्ही संस्थांना ‘पूर्णनाव’ देऊ नये. तिच्या जागी मी नवीन सोय लिहिली आहे. तीही एकाच ओळीत वापरता येते. फरक इतकाच, की नाव अपुरे असल्यास काय करायचे हे नाव मागणाऱ्याने आधी सांगितल्याशिवाय ती चालूच होत नाही, आणि जेवढे नाव आहे तेवढे ती देतेच. एखादी नोंद सोडून द्यायची झाली तर ती त्या नोंदीचा क्रमांक कागदावर छापते आणि थांबते. रोह्याच्या जुन्या यादीवर, एकही टिंब न टाकता, मी ती चालवली. २३६ पत्रे निघाली. मी ती हाताने मोजली. तरीही ती माझ्या शब्दावर स्वीकारू नये. देवस्थळी बाईंकडे ती तपासण्यासाठी पाठविली आहे, सोबत त्यांच्या गेल्या वर्षीच्या प्रश्नाचे खरे उत्तरही. त्यांचे पत्र अद्याप आलेले नाही.

(इ) माझ्याविषयी आपण जो निर्णय घ्याल तो मान्य आहे. फक्त तो ‘तांत्रिक बिघाड’ या शब्दांखाली घेतला जाऊ नये.

या अर्जावर आपण शेरा माराल तेव्हा, माझ्या १९९६ च्या अर्जावर मारला होता तितक्या लवकर तो मारू नये, अशी माझी प्रार्थना आहे. हे लिहिताना आपला अवमान करण्याचा उद्देश नाही. मला लवकर मंजुरी हवी होती आणि आपण माझ्यावर विश्वास ठेवलात, इतकेच.

स्वतःला नम्र म्हणवून घेण्याचा संकोच वाटतो, तरीही आपला,

(सही)
काळुराम हिराजी घरत
संगणक विभाग, रामवाडी, पेण

सोबत :
१) ‘पूर्णनाव’चा मूळ मजकूर, ज्या दोन ओळींमुळे हे घडले त्या खुणा करून.
२) दि. ७ मार्च १९९७ पासून मी टिंबे टाकलेल्या सर्व नोंदींची यादी.
३) भोकराच्या वाडीतील एकेचाळीस जणांची यादी, पूर्ण नावांसह, त्यांतील एक मयत.
४) श्रीमती म्हात्रे यांची वही जोडलेली नाही. ती त्यांना येत्या सुटीच्या दिवशी वाडीवर लागणार आहे. आपणास पाहावयाची झाल्यास तिथे येऊन पाहावी, असे त्यांनी सांगितले आहे.